मामांचा उजवा पाय

लग्न होऊन मी बिलोलीहून लातूरला आले तेव्हा माझे सासरे मला साऱ्या लातुरातले सगळ्यात बोलघेवडे गृहस्थ वाटले होते. त्यांचं नाव मलप्पा, मी त्यांना मामा म्हणते. मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानावर सौद्याच्या वेळी ते बोली पुकारायचे. शेतकऱ्यांचा माल ढिगाढिगाने ओतलेला असतो. मामा एका ढिगाशी थांबणार, मूठभर सोयाबीन वर काढून दाखवणार आणि खणखणीत आवाजात बोली सुरू करणार. मागे खरेदीदारांचा घोळका. बोली तुटली की पुढचा ढीग. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, खिशात बिडीचं बंडल आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू, असा सगळा थाट.

त्यांच्यासोबत गंजगोलाईत खरेदीला जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. हा माणूस चार पावलं सरळ चालायचाच नाही. भांड्यांच्या दुकानासमोर उभे राहणार, पितळी घागरीचा भाव विचारणार, तो जास्त आहे म्हणून दुकानदाराशी वाद घालणार आणि काहीही न घेता पुढे जाणार. पुढे साडीचं दुकान. साडी कुणाला घ्यायची होती देव जाणे. मग चपला, मग छत्र्या. काही दुकानदार तर त्यांना लांबून बघूनच तोंड फिरवायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी सासूबाईंकडे तक्रार केली तर त्या हसल्या. आडतीतला माणूस आहे, भाव विचारल्याशिवाय त्याचं पाऊल पुढं पडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या संक्रांतीच्या आधी वाणाच्या वस्तू आणायला आम्ही दोघं असेच गेलो होतो. थंडी चांगलीच पडली होती. मामा नेहमीसारखे थांबत थांबत चालले होते आणि मी नेहमीसारखी पुढं जाऊन चरफडत उभी राहत होते. एकदा वळून बघितलं तर मामा एका दुकानासमोर उभे. दुकान बंद होतं. खाली ओढलेल्या शटरकडे तोंड करून, त्यावर हात टेकवून ते उभे होते.

मला थट्टा सुचली. शटरला भाव विचारताय का, म्हणत मी जवळ गेले, आणि त्यांचा चेहरा बघून थट्टा घशातच राहिली. एवढ्या थंडीत कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती.

"पोटरीत गोळा आलाय," मामा म्हणाले. "थांबलं की जातोय. तू हो म्होरं."

मी कुठली पुढं होतेय. कधीपासून हे, म्हणून तिथंच उभं राहून खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की दोन-तीन वर्षं झाली. थोडं चाललं की उजव्या पोटरीत कुणीतरी पीळ घातल्यासारखं होतं, थांबलं की सुटतं, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. यार्डात प्रत्येक ढिगाशी थांबावंच लागतं, त्यामुळे तिथं कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. बाजारात थांबायला निमित्त हवं म्हणून ते भाव विचारायचे. त्या घागरी, त्या साड्या, त्या छत्र्या, सगळं पोटरी मोकळी होईपर्यंतचं नाटक होतं. मला इतका राग आला की काय सांगू. दुखतंय एवढे दोन शब्द बोलायला काय होतं या माणसाला? बाकी जगभरचं बोलायला वेळ असतो.

घरी येऊन मी सगळं सांगून टाकलं. माझा नवरा अमरेश डाळ मिलमध्ये मशिनवर असतो. त्याने सुट्टी टाकून मामांना एका हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. कमरेत शीर दबली असेल म्हणून पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या. मामा आठवडाभर पट्टा बांधून फिरले आणि ढिगाढिगाला थांबत राहिले.

महिनाभरात दुखणं पोटरीतून पावलात उतरलं आणि आडवं झालं की जास्त व्हायला लागलं. मामा खुर्चीतच पाय खाली सोडून डुलकी काढायचे. सासूबाई, म्हणजे गुरम्माआत्या, पायाखाली उशी द्यायच्या आणि मामा पाय ओढून पुन्हा खाली सोडायचे. यावरून दोघांची रोज खडाखडी. खाली लोंबता पाय लालबुंद दिसायचा. आत्यांना त्या लालीनेच धीर यायचा. रक्त उतरून राहिलंय, आता बरं वाटंल, असं त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या. मी मात्र त्या पायाला हात लावला की दचकायची. डावा पाय माणसाचा वाटायचा आणि उजवा माठाखालच्या फरशीसारखा गार.

आत्यांचा आमच्या गल्लीत एक मान होता. कुणाच्या टाचेला भेगा पडू देत, कुणाचं कुरूप दुखू दे, कुणाच्या पायात काटा मोडू दे, माणूस आत्यांच्या ओट्यावर येणार. आत्या डब्यातून बिबा काढायच्या, सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरायच्या आणि त्यातून काळं तेल टपटपायला लागलं की नेमकं दुखऱ्या जागी लावायच्या. समोरचा हाय हाय करायचा. कातडी थोडी पोळते, कधीकधी बिबा उततो, फोड येतात, आठ-पंधरा दिवसांत खपली धरते आणि माणूस चालायला लागतो. पिढ्यान्पिढ्या चाललेलं हे औषध. माझ्या माहेरीही लावतात, त्यामुळे आत्यांनी बिब्याचा डबा काढला तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

करंगळीच्या खाली, पावलाच्या बाहेरच्या कडेला मामांचं सगळ्यात जास्त दुखायचं. आत्यांनी तिथं बिबा लावला. मामा शेजारच्या हणमंतरावांशी सोयाबीनच्या आवकेबद्दल बोलत बसले होते, ते बोलतच राहिले. हूं की चूं केलं नाही. आत्यांना कोण अभिमान वाटला. अख्ख्या गल्लीत असा घट्ट माणूस नाही, असं त्यांनी हणमंतरावांनाही ऐकवलं.

बिबा उतला. त्यात नवल नव्हतं. खोबरेल लावलं, झाकून ठेवलं. पण खपली काही धरेना. जखम ओलीही नव्हती आणि सुकतही नव्हती. मग तिची कड काळी पडायला लागली. रोज मला वाटायचं की काळं थोडं सरकलंय, आणि रोज आत्या म्हणायच्या की कालच्याइतकंच आहे. मी अमरेशशी भांडले. पुन्हा हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं त्याच्या डोक्यात होतं. हाडाचा आणि त्या काळ्या कडेचा काय संबंध ते सांग, म्हणून मी अडून बसले. शेवटी माझ्या मैत्रिणीने सांगितलेल्या डॉक्टर वर्षाराणींकडे गेलो.

त्यांनी आधी दोन्ही पाय उघडे करायला लावले. उजव्या नडगीवरचे केस गेले होते आणि कातडी तुकतुकीत झाली होती. हे आमच्यापैकी कुणी कधी बघितलंच नव्हतं. मग पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या आतल्या बाजूला त्या बोटं टेकवून नुसत्या थांबल्या. बोटं हलवायच्या, पुन्हा थांबायच्या.

किती चाललं की थांबावं लागतं, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, मी कुठं थांबतोय. मला राहवलं नाही. मी शटरची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, थांबल्यावर खाली बसावं लागतं की नुसतं उभं राहिलं तरी दुखणं जातं? नुसतं उभं राहिलं की जातं, मामांनी कबूल केलं. कमरेतली शीर असती तर बसल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय सहसा सुटका नसती, असं त्या म्हणाल्या.

मग मामांना आडवं करून त्यांनी दोन्ही पाय वर धरले. बघता बघता उजवं पाऊल मळलेल्या कणकेसारखं पांढरं पडलं. उठवून बसवलं, पाय खाली सोडायला लावला, तर सावकाश पुन्हा लालबुंद.

"म्हंजी रक्त हाय की," आत्या घाईने म्हणाल्या.

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. ही लाली वाहत्या रक्ताची नाही, असं त्यांनी समजावलं. उपाशी राहिलेल्या बारीक नळ्या तोंड वासून बसल्यात, पाय खाली सोडला की जे काही घरंगळत येईल ते तिथंच साचतं. म्हणून तर मामा उशी काढून टाकत होते. मांडीतून पावलाकडे शुद्ध रक्त नेणारी जी मोठी वाहिनी असते, ती आतून चरबी आणि चुना साचून बारीक होत गेली आहे. शेतातली ठिबकची नळी क्षाराने चोंदली की पहिल्या झाडांना पाणी मिळतं आणि शेवटची वाळतात, तसं हे पाऊल शेवटचं झाड आहे. बसलेल्या पायाला थोडं रक्त पुरतं. चालणारी पोटरी कितीतरी जास्त मागते आणि तेवढं पोचत नाही, तेव्हा ती आवळते. थांबलं की मागणं कमी, दुखणं बंद. आता तर बसल्या जागीही पुरेना झालंय. मामांच्या बाबतीत याला सगळ्यात जास्त हातभार बिडीचा आणि त्याच्या खालोखाल कधीच न तपासलेल्या रक्तदाबाचा.

त्यांनी माझी बोटं धरून माझ्याच पावलावर टेकवली. बारीक ठोका लागत होता. मग मामांच्या डाव्या पावलावर, तिथं अगदी मंद. मग उजव्या. मी श्वास रोखून शोधत राहिले. काहीच नव्हतं. जिवंत माणूस समोर बसलेला, माझ्याकडे बघतोय, आणि त्याच्या पायात ठोका नाही. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. पुढे त्यांनी दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून, आवाजाचं छोटं यंत्र लावून दाब मोजला. दंडापाशी यंत्र जोरात फसफसत होतं, घोट्यापाशी कान देऊन ऐकावं लागलं. घोट्याचा दाब दंडाच्या निम्माही नव्हता.

शेवटी त्यांनी जखमेवरचं फडकं काढलं आणि हे कशाने झालं म्हणून विचारलं.

"बिबा लावला म्या," आत्या म्हणाल्या.

"लावला तेव्हा यांना चटका कळला का?"

"न्हाई. हूं की चूं केलं न्हाई."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं. आतून ठणकत असलं तरी रक्ताविना तिथल्या कातडीतल्या नसा बधिर झाल्यात म्हणून चटका कळला नाही, इतकंच म्हणाल्या. पोळलेली कातडी भरून यायला कितीतरी जास्त रक्त लागतं, आणि इथं नेहमीचंही येत नाही. मग अमरेशकडे बघून त्यांनी सांगितलं, की रक्ताची वाट लवकर मोकळी झाली नाही तर आधी बोट जाईल, मग पाऊल, आणि कदाचित गुडघ्याखाली कापावं लागेल. हीच कीड हृदयाच्या वाहिन्यांतही असू शकते, तीही बघून घ्यावी लागेल. त्यांच्या ओळखीचे रक्तवाहिन्यांचे सर्जन नांदेडला होते. त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला.

त्या दिवसापासून आत्यांनी मामांना हात लावणं सोडलं. जेवणाचं ताट लांबून सरकवायच्या, पट्टी बदलायला मला हाक मारायच्या, आणि मी पट्टी सोडायला बसले की स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवायच्या. गल्लीतली एक बाई दुखरी टाच घेऊन आली तर बिबे संपले म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. मामाही गप्प झाले. बिडीचं बंडल त्यांनी स्वतःच अमरेशच्या हातात दिलं, पण हात दर थोड्या वेळाने खिशाकडे जायचाच. बोलणारा माणूस गप्प बसला की घर कसं खायला उठतं ते मला तेव्हा कळलं. त्या काळात मी देवाला इतकंच मागत होते, की यांना पुन्हा कुणाशी तरी घागरीच्या भावावरून भांडू दे.

नांदेडला जाताना गाडीत मामा पुढं बसले, पाय खाली सोडून. अहमदपूर गेलं, लोहा आलं. मग मामांनी मान न वळवता मला विचारलं.

"शिवानी, बसून पुकारता येतंय का गं?"

मला लगेच कळलं नाही. ते पुढं म्हणाले, "पाय गेला तर म्हणतोय म्या. पर ढीग काय माझ्याकडं चालत येतेत?"

असलं काही बोलायचं नाही, म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. दुसरं काय करणार? रडू येत होतं, ते आवाज चढवून लपवलं. आत्या खिडकीबाहेर बघत होत्या.

सर्जननी तपासण्या केल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मामांना आत घ्यायचं ठरवलं. जांघेतून बारीक तार सरकवायची, अडलेल्या जागेतून पार करायची आणि तिथं फुगा फुगवून वाट रुंद करायची, असं त्यांनी सांगितलं. तार पार झाली नाही तर मोठं ऑपरेशन, आणि तेही जमलं नाही तर मग पायाचं बघावं लागेल. मामांना एकच काळजी होती, गळ्यातलं इष्टलिंग काढायला लावतील का. सिस्टरनी ते कापडात गुंडाळून त्यांच्या दंडाला बांधू दिलं, तेव्हा ते निमूट आडवे झाले.

आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. अमरेश येरझाऱ्या घालत होता. आत्या माझ्यापासून लांब, बाकाच्या टोकाला बसून ओठातल्या ओठात 'ॐ नमः शिवाय' म्हणत होत्या. दार उघडलं की आम्ही तिघं उठायचो, दुसऱ्याच कुणाचा तरी माणूस बाहेर यायचा, आम्ही पुन्हा बसायचो. माझ्या डोळ्यांपुढून ती काळी कड हलत नव्हती. मी सरकून आत्यांजवळ गेले. नळी कितीतरी वर्षांपासून चोंदत होती, तुमच्या बिब्याने ती चोंदली नाही, असं मी त्यांना परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आख्ख्या गल्लीचे पाय माझ्या हातानं बरे झाले," त्या म्हणाल्या. "आन् माझ्याच माणसाचा पाय म्या जाळला. त्यो बोलत बसला व्हता गं. मला वाटलं, सोसून राहिलाय."



सर्जन बाहेर आले तेव्हा दुपार झाली होती. त्यांनी फोटो दाखवला. मांडीतली ठळक रेघ मधेच तुटलेली होती आणि आजूबाजूला धाग्यांसारख्या बारीक रेघांचं जाळं होतं. इतकी वर्षं या आडवाटांनीच पाय जगवला, असं ते म्हणाले. दुसऱ्या फोटोत रेघ सलग होती. तार फार कष्टाने पार झाली, मांडीतली वाट उघडली, गुडघ्याखालची एक वाहिनी मात्र अजून बंदच आहे. मोकळ्या झालेल्या वाटेने पावलापर्यंत रक्त पोचतं का, तेवढं जखमेला पुरतं का, हे आता पायच सांगेल. बोटाचं आजच काही सांगता येणार नाही. जखम भरायला महिने लागतील. बिडी मात्र कायमची बंद, आणि जखम भरली की रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं, म्हणजे त्या आडवाटाही रुंदावतील.

वॉर्डात मामा गुंगीत होते. सिस्टर पावलावर ते आवाजाचं यंत्र टेकवून गेल्या आणि ठोका लागला तिथं पेनाने फुली मारून गेल्या. आवाज बारीक होता. मी सारखा पायाला हात लावत होते. गार वाटायचा. मग कोमट वाटायचा. मग शंका यायची की ही ऊब माझ्याच हाताची असेल. अमरेशला लावायला सांगितलं तर त्यालाही काही ठरवता येईना. आत्या दाराशी उभ्या होत्या, काही केल्या आत येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पट्टी बदलायला आल्या. मी औषधं मांडत होते आणि अमरेश खाली गेला होता. सिस्टरचे दोन्ही हात गुंतलेले, त्यांनी दाराकडे बघून आत्यांनाच हाक मारली, "आजी, या इकडं. पाय जरा वर धरा." आत्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात एव्हाना मोकळे झाले होते, पण मी हलले नाही. मग त्या आल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी घोटा उचलला. पट्टी सुटली. धरताना त्यांचा अंगठा सरकून जखमेच्या कडेला लागला.

मामांनी पाय हिसडला.

"हळू की गं," ते ओरडले. "जळून राहिलंय तिथं."

आत्या जागच्या जागी थिजल्या. सिस्टर थांबल्या.

"कुठं?" आत्यांनी विचारलं.

"तिथंच. बिबा लावला व्हतास तिथं. आग व्हऊन राहिली नुसती."

"लई?"

"लई."

पाय जागा होतोय, असं सिस्टर म्हणाल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या. आत्या पलंगाच्या कडेला बसल्या, तो पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडायला लागल्या. मीही रडत होते. कुणाच्या दुखण्याने इतका आनंद होईल असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मामा बिचारे कण्हत होते, आम्हा दोघींवर चिडत होते, आणि ते जरा गप्प झाले की आत्या घाबरून विचारायच्या, आजून जळतंय का? मामा हाव म्हणायचे. थोडा वेळ गेला की त्या पुन्हा विचारायच्या.